आठ बोटांवरचा ध्रुव

"मग चूक माझी, की ध्रुवाची?"

सोमाजी अजून ओट्यावर टेकलाही नव्हता. मस्कतहून परतताना त्याचं गलबत घरचं बंदर चुकून पार खाली कारवारला लागलं होतं. शेवटचे तीन दिवस प्यायला पाण्याचा थेंब नव्हता. आता एकही खलाशी त्याच्या गलबतावर चढायला तयार नव्हता.

उस्मान तांडेल घरच्या बंदरातल्या आपल्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. चाळीस वर्षं दर्यात काढलेला माणूस. सोमाजीला गलबत हाकायला त्यांनीच शिकवलं होतं.

"काय केलंस ते सांग."

"तुमच्या वहीत लिहिलंय तेच. हात लांब करायचे, बोटं आडवी धरायची. दक्षिणेला येऊ तसा ध्रुव खाली उतरतो; पाण्यापासून तो आठ बोटांवर आला, की गलबत उगवतीला वळवायचं. मग समोर आपलं बंदर. रोज मोजला, चाचा. बरोब्बर आठ भरली तेव्हाच वळलो!"

"हं..."

दिवेलागण होऊन गेली होती. उत्तरेला, पाण्याच्या वर, ध्रुव दिसू लागला होता.

तांडेलांनी जाळं मांडीवर ठेवून हात लांब केले. दोरखंडासारखी जाड बोटं.

"आठ," ते म्हणाले.

जैनबचाची पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं तांब्या ठेवला आणि कुणी न विचारताच हात उचलले.

"माझ्या दहा. हे तापानं फणफणले होते तेव्हा गलबत मीच आणलं. दहावरच आणलं."

सोमाजी दोघांकडे बघत राहिला. एका ताऱ्याला दोन मापं?

"आता तू मोज," तांडेल म्हणाले.

त्यानं मोजलं. नऊ. डोळे चोळून पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ...

"वहीत तर आठ आहे! चाचा, यातलं खरं कुठलं?"

तांडेलांनी आपली जाड बोटं त्याच्या बोटांशेजारी धरली.

"ध्रुव तर जागचा हलत नाही... मग..." सोमाजीला स्वतःचीच बोटं परकी वाटू लागली.

"इथून याआधी कधी मोजला होतास?"

"इथून? इथून कशाला मोजायचा? घरीच तर होतो!"

तांडेलांनी जाळं पुन्हा हातात घेतलं. एक गाठ आवळली. दुसरी आवळली.

"मग तिकडे दर्यात कुणाचं घर शोधत होतास?"