पुढे पोहोचलेला घाट

एकदा एका स्टुडिओत एक शिष्य भर दुपारी घामाघूम होऊन पडद्याकडे पाहत होता. समोर हिरव्या कापडापुढे केशरबाई नावाची वयस्क नटी हातात निरांजन घेऊन चालत होती. पडद्यावर मात्र ती नदीच्या घाटावरून जाताना दिसत होती. घाट प्रत्यक्षात कुठेच नव्हता, तो संगणकात रचलेला होता. यंत्र हिरवा रंग गाळून टाकी आणि त्या जागी तत्क्षणी घाट बसवी. कॅमेरा वळला की घाटही वळे. ही विद्या शिष्याने परिश्रमाने मिळवली होती, आणि तिचा त्याला थोडा ताठाही होता.

पण कॅमेरा वळला की पडद्यावर बाईंचे पाय घसरत. फरशीवर टेकलेलं पाऊल तेल सांडल्यासारखं बाजूला सरके. संध्याकाळी हाच प्रवेश निमंत्रितांसमोर थेट दाखवायचा होता. पैसा घालणाऱ्या व्यापाऱ्याने दोष कुणाचा म्हणून विचारलं, तेव्हा शिष्य बोलून गेला, "बाई फार संथ चालतात, शेठ."

तोंडातून सुटलेला शब्द परत घेता येत नाही. चहाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही तर भूमिका दुसऱ्या तरुण मुलीला द्यायची, असं शेठनी जाहीर करून टाकलं. बाईंना बऱ्याच वर्षांनी काम मिळालं होतं, हे तिथे सर्वांना ठाऊक होतं. त्यांनी पदर खोचला आणि पाय उचलून चालू लागल्या. पडद्यावर पाय तरीही घसरले, आणि वर गुडघा दुखावला तो वेगळाच.

कॅमेरा कुठे वळला याचा निरोप संगणकाला देणारं एक छोटं यंत्र कॅमेऱ्यावर बसवलेलं होतं. शिष्याने त्या निरोपाचा वेग वाढवला. पण वेग वाढवावा तितके पाय अधिकच घसरत. शेवटी त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना फोन केला. ते जवळच राहत.

गुरुजी आले, थोडा वेळ नुसते बघत बसले. मग त्यांनी बाईंना विश्रांती घ्यायला सांगितलं, निरांजन हिरव्या कापडापुढे एका स्टुलावर ठेवलं, कॅमेऱ्यापाशी गेले आणि हातातली काठी त्याच्या स्टँडवर खाडकन हाणली. सगळे दचकले. शेठ तर म्हातारा वेडा झाला की काय म्हणून पुढे धावले. गुरुजींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिष्याला त्यांनी पडद्यावर नजर ठेवायला सांगितली आणि पुन्हा काठी हाणली.

या वेळी शिष्याला दिसलं. आधी घाट हादरला. निरांजन हादरलं ते डोळ्याचं पातं लवेल इतक्या उशिराने.

"निरांजनाचं चित्र लवकर आणता येईल?" गुरुजींनी विचारलं.

"नाही गुरुजी. हिरवा रंग गाळायला तेवढा वेळ लागतोच."

"मग निरोप तेवढाच अडवून धर."

ज्या वेगासाठी इतका खटाटोप केला, तो आपल्याच हाताने कमी करायचा हे शिष्याच्या जिवावर आलं. तरी त्याने केलं. गुरुजींनी पुन्हा काठी हाणली, आणि घाट व निरांजन एकदमच हादरले.

"बाळा," गुरुजी म्हणाले, "त्या चित्राला वाटेत काम आहे. केसाकेसातून, पदराच्या काठाकाठातून हिरवा रंग वेगळा करत ते येतं. निरोपाच्या डोक्यावर काहीच ओझं नाही, म्हणून तो आधी पोहोचतो. रिकाम्या हाताने आधी पोहोचणाऱ्याने ओझं घेऊन येणाऱ्याला संथ म्हणू नये. थांबता येतं ते त्यालाच, म्हणून थांबायचंही त्यानेच."

शिष्याची मान खाली गेली. सुट्टीची वेळ झाली होती; कोपऱ्यात केशरबाई नथ काढून डबीत ठेवत होत्या, आणि त्यांच्या भूमिकेची शाल त्या तरुण मुलीच्या खांद्यावर चढली होती. शेठ खुशीत म्हणाले की आता यंत्र सुधारलंच आहे, तर ही चपळ मुलगीच बरी.

शिष्य गप्प राहिला असता तर कुणी त्याला जाब विचारला नसता. काम झालं होतं, अब्रूही राहिली होती. गुरुजी त्याच्याकडे पाहत राहिले.

"शेठ, चूक माझी होती," तो सर्वांदेखत म्हणाला. "बाईंची चाल पहिल्यापासून बरोबर होती. मी न बघताच त्यांच्यावर ढकललं."

शेठनी कपाळाला आठ्या घातल्या, एकदा पडद्याकडे आणि एकदा बाईंकडे पाहिलं. मग त्यांनी शाल परत करायची खूण केली. त्या मुलीनेच ती बाईंच्या खांद्यावर नीट घातली.

बाई निरांजन घेऊन उभ्या राहिल्या. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी शिष्याला विचारलं, "आता भरभर चालू ना रे?"

"नको, बाई," तो म्हणाला. "तुम्ही तुमच्या चालीने या. घाट थांबेल."

कॅमेरा वळला. बाईंचं पाऊल फरशीवर टेकलं, आणि टेकलं तिथेच राहिलं.

आपल्या बरोबरचं कुणी मागे पडलेलं दिसलं, की त्याला हाक मारण्याआधी त्याच्या डोक्यावर काय आहे ते एकदा पाहावं.