एक मिनिट राखून

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव भानुदास. पळायला इतका चिवट, की दमणं त्याला ठाऊकच नव्हतं. आणि सांगितलेलं असं ऐकायचा, की सांगणाऱ्यालाच पस्तावा व्हावा.

गावात दरवर्षी एकवीस किलोमीटरची शर्यत व्हायची. अडीच तासांच्या आत पोचेल त्याला पदक. शर्यत भरवणाऱ्या देसाई सरांनी भानूच्या हातात लाल झेंडा दिला.

"तू पेसर. ठरल्या वेगानं पळायचं. लोक झेंडा बघून तुझ्या मागं येतील. त्यांना बरोबर अडीच तासांत पोचवायचं. मिनिट इकडं नको, तिकडं नको."

पैसे मिळणार नव्हते. तरी भानू खूश. लोकांना पोचवायचं काम त्याला फार आवडलं.

झेंड्यामागे चाळीस माणसं. त्यांत सगळ्यांत पुढे खानावळवाल्या शेवंताकाकू, नऊवारीखाली कॅनव्हासचे बूट घालून. नवरा त्यांना म्हणाला होता, "पदक आण, मग जन्मभर सकाळचा चहा मी करीन." तीस वर्षं काकूच पहाटे उठत होत्या. त्यांना ते पदक हवंच होतं.

भानू शेवटच्या रेघेपाशी चार मिनिटं आधी पोचला. आणि थांबला. हात आडवे करून त्याने मागच्यांनाही थांबवलं.

"अजून वेळ झाली नाही," तो म्हणाला.

वेळ झाल्यावर त्याने हात खाली घेतले. अशी रेटारेटी झाली की काकूंचा एक बूट निघाला. तो सापडेपर्यंत अडीच तासांवर एक मिनिट झालं.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, रेघेपाशी कुणी थांबतं का? उरलेली मिनिटं वाटेत घालवायची. पाण्याच्या टेबलापाशी."

"बरं सर," भानू म्हणाला.

पुढच्या वर्षी दोन किलोमीटरवर पाण्याचं पहिलं टेबल आलं. भानूने घड्याळ बघितलं.

"बसा सगळे. दोन तास सोळा मिनिटं उरलीत."

झेंडेवालाच म्हणतोय म्हटल्यावर सगळे बसले. सर स्कूटरवरून शोधत आले, तेव्हा केळी संपली होती आणि दोघं घोरत होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून भानूलाही मनापासून वाईट वाटलं.

तिसऱ्या वर्षी सरांनी त्याला बाजूला घेतलं. "या वेळी डोकं चालवू नकोस. काकूंवरची नजर हलवू नकोस. बस्स."

"बरं सर."

भानू मान मागे वळवून पळू लागला. पहिल्याच वळणावर विजेच्या खांबावर आपटला. मग त्याला युक्ती सुचली. तो काकूंच्या मागे गेला. आता त्या समोरच दिसत होत्या.

काकूंनी वर बघितलं, तर पुढे झेंडा नाही. भानू पुढे निघून गेला वाटतं! तेवढ्यात लांबवर काहीतरी लाल फडफडताना दिसलं. काकूंनी पदर खोचला आणि सुटल्या.

तो होता लोखंडी सळ्यांचा टेम्पो. बाहेर आलेल्या सळ्यांच्या टोकाला, रिवाजाप्रमाणे, लाल फडकं बांधलेलं. माल इतका भरलेला की टेम्पो रेंगाळत चालला होता.

फाट्यावर शर्यत डावीकडे वळत होती. टेम्पो उजवीकडे वळला. टेम्पोमागे काकू, काकूंमागे भानू, भानूच्या झेंड्यामागे उरलेली एकोणचाळीस माणसं. फाट्यावरचा माणूस शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला. भानूने तिकडे पाहिलं नाही. नजर हलवायची नव्हती.

टेम्पो थांबला तो शेजारच्या गावात, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीपाशी. गवंडी थापी हातात धरून बघत राहिले. काकू वाळूच्या ढिगावर मटकन बसल्या. भानूने घड्याळ बघितलं. त्याचा चेहरा उजळला. त्याने झेंडा वाळूत रोवला.

"काकू, अडीच तासांच्या आत पोचलो. एक मिनिट राखून."

काकूंनी गवंड्यांकडे बघितलं, मग भानूकडे.

"कुठं पोचलो रे, भानू?"

"ते तुम्हांलाच ठाऊक," भानू म्हणाला. "मी तर तुमच्या मागं होतो."