बिनखताची ओळ

बाजरी बोलायची त्या काळातली ही गोष्ट. एका शाळेच्या वावरात बाजरीच्या दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. हेमलताबाई मुलांसोबत तयार केलेलं नवं खत पहिल्या ओळीला घालायच्या, दुसरीला मात्र नुसतं पाणी.

दुसरी ओळ रडकुंडीला आली. "मी यांचं काय घोडं मारलंय?" तिने गांडुळाला विचारलं.

"अगं, तुझ्याशीच ताडून बघणार आहेत," गांडूळ म्हणालं. "तू आहेस तशी राहिलीस, तरच खताचा गुण कळेल. मग ते पलीकडच्या माळावरच्या बाजरीलाही घालतील."

तिला ते पटलं नाही. तिने गुपचूप मुळं लांबवली आणि शेजारणीच्या खतावर ताव मारला. सुगीला दोघींची कणसं सारखीच टपोरी झाली.

हेमलताबाईंनी दोन्हीकडची कणसं हातात तोलून पाहिली. मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"काहीच फरक नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्या खतात दम नाही. टाकून द्या ते."

कुंपणापलीकडे माळावरची किडकिडीत बाजरी त्याच खताची आस लावून उभी होती. तिने हाक मारली, "काय गं, कधी मिळायचं आम्हाला?"

भरल्या कणसांची दुसरी ओळ मान खाली घालून उभी राहिली.