मडक्याची राखण

“मग माई, माणूस नेमका भितो तरी कशाला?”

माई तूरडाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणता माणूस?”

“आजचा नाही. फार फार पुढचा. ज्याला आपली भाषा येत नाही, आपले देव माहीत नाहीत, असा.”

“त्याची काळजी तुला कशाला रे?”

निशिकांत दातीर हसला. खरं तर हसण्यासारखी त्याची अवस्था नव्हती. महिना झाला, गड्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. बायकोनं शेवटी निर्वाणीचं सांगितलं होतं, एक तर डॉक्टरकडं चला, नाहीतर माझ्या माहेरच्या माईंना भेटून या. डॉक्टरकडं जावं तर कचेरीत बोभाटा होणार. म्हणून स्वारी सकाळी सकाळी गाडी काढून माईंकडं आली होती. श्रद्धेबिद्धेचा काही संबंध नव्हता.

मठ म्हणजे नावाला मठ. टेकडीवर एक पडवी, मागं एक खोली, खाली नदी. दर गुरुवारी आसपासच्या गावांतल्या बायका पोराबाळांना घेऊन पायऱ्या चढून येत, माईंपाशी घटकाभर बसत, मन मोकळं करत आणि जात. आज गुरुवारच होता, पण अजून कुणी आलं नव्हतं.

“मी अणुकचऱ्याचं काम बघतो, माई. आमच्याकडं एक जुना खड्डा आहे.”

“काय आहे त्यात?”

“अणुभट्टीत इंधन वापरतात. वापरून झालं की ते आम्लात विरघळवायचं, त्यातलं पुन्हा कामाला येणारं काढून घ्यायचं. उरतं ते जहाल. ते आता आम्ही काचेत मुरवून बंद करतो. पण अगदी सुरुवातीला, नीट रीत बसायच्या आधी, त्या कामातले हातमोजे, नळ्या, गाळ, जे काय होतं ते एका खड्ड्यात घातलं आणि वर काँक्रीट ओतलं. माझ्या साहेबांच्याही साहेबांच्या काळातली गोष्ट.”

“वास येतो?”

“नाही.”

“दिसतं?”

“नाही.”

“हात लावला तर पोळतं?”

“नाही ना. तेच तर... त्या वेळी काहीच होत नाही. होतं ते नंतर.”

माईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“आणि निवतं कधी?”

“काही आपल्या नातवंडांच्या हयातीत निवेल. काही मात्र... तोवर ही खालची नदी कुठून कुठं गेली असेल, सांगता येत नाही.”

माईंचा सुपातला हात थांबला.

“आत्ता तिथं कोण असतं?”

“राखणदार असतात. आळीपाळीनं बसतात, कुंपणाला फेऱ्या घालतात. पण वरचे म्हणतात, अशी माणसं कुठवर बसवायची? त्यापेक्षा एकदाच असा दगड उभा करा, की बघणारा आल्या पावली मागं फिरेल. तो दगड मी करतोय.”

हे सांगताना मात्र त्याची मान जरा ताठ झाली. त्यानं फोनमधलं चित्र माईंपुढं धरलं. दोन पुरुष उंचीचा काळा दगड, त्यावर तोंड वासलेले चेहरे, कोलमडून पडणारी माणसं आणि खाली जगातल्या कितीतरी लिप्यांत एकच वाक्य, इथं खणू नका. परदेशातल्या परिषदेत या दगडाचं कौतुक झालं होतं, हेही त्यानं न विचारता सांगून टाकलं.

माईंनी फोन लांब धरून डोळे बारीक केले.

“छान आहे. पोरांना वर चढून बसायला बरं पडेल.”

निशिकांतचा चेहरा पडला. एवढ्या लांब येऊन हे ऐकायचं होतं का, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

“आज संध्याकाळपर्यंत मला कळवायचंय, माई. मी दगड पुरेसा आहे म्हटलं, की येत्या महिन्यापासून राखणदार उठणार.”

“मग कळव की.”

“तेच होत नाही ना.”

“का?”

त्यानं फोन परत घेऊन खाली ठेवला. मग एकदम भडाभडा बोलला, “भीती वाटते. जरा डोळा लागला की दिसतं, कुणीतरी खणतंय. मी ओरडतो, घसा फुटेस्तोवर ओरडतो, पण माझं बोलणं त्याला कळत नाही. तो माझ्याकडं बघून हसतो आणि पुन्हा खणायला लागतो.”

माईंनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“घसा कोरडा पडलाय तुझा. पाणी आणते. आणि हे बघ, त्या कोपऱ्यातल्या मडक्याला हात लावू नकोस.”

“काय आहे त्यात?”

“हात लावू नकोस म्हटलं ना.”

त्या आत गेल्या. निशिकांतनं कोपऱ्यात पाहिलं.

माईंच्या बसायच्या घोंगडीला लागूनच ते मडकं होतं. तोंडावर पालथी झाकणी, भोवती बोरीच्या काट्या रचलेल्या, पोटावर कोळशानं ओढलेल्या फुल्या. आता हा काही उचल्या माणूस नव्हता. दुसऱ्याच्या घरातली वस्तू उघडून बघावी, असले संस्कारच नव्हते त्याच्यावर. पण मडक्याकडं त्यानं बघितलं ते जाणकाराच्या नजरेनं, आणि तिथंच घोळ झाला.

काट्या ठीक आहेत, तो मनाशी म्हणाला. फुल्यांचं काही खरं नाही. फुली म्हणजे धोका की आत काही ठेवणीतलं आहे, कळत नाही...

आणि त्याचा हात सवयीनं खिशात गेला.

खिशात त्याचं मीटर असे. किरणोत्सर्ग असला की टकटकणारं, मुठीत मावणारं. ते तो बाजारात केळ्यांना लावी. सासऱ्यांनी नवी फरशी बसवली तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांदेखत फरशीला लावून पाहिलं होतं आणि त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली होती.

त्यानं मीटर मडक्यापाशी नेलं.

टक... टक. नेहमीची तुरळक टकटक. एरवी मोकळ्या हवेतही असते तेवढीच.

म्हणजे काही नाही.

न दिसणाऱ्याला भ्या, असं जन्मभर दुसऱ्यांना शिकवणारा हा शहाणा तेवढ्यावर निर्धास्त झाला. त्यानं दोन काट्या अलगद बाजूला केल्या आणि झाकणी उचलली. आत काळंभोर, दाट तेल होतं. त्यानं बोटांची टोकं बुडवली, चोळून पाहिली, हुंगली. मग रुमालाला पुसली, झाकणी ठेवली आणि काट्या जशा होत्या तशा रचल्या. चटका नाही, खाज नाही.

माई पाणी घेऊन आल्या. तांब्या खाली ठेवताना त्यांचं लक्ष त्याच्या बोटांकडं गेलं.

“लावलास?”

खोटं बोलावं असं त्याला क्षणभर वाटलं.

“...हो.”

“का?”

“मीटरमध्ये काही येत नव्हतं.”

माई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांना राग आलेला नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं.

“काय आहे ते, माई?”

“बिब्ब्याचं तेल.”

निशिकांतनं बोटं एकदम फाकवली. शहरात वाढला असला तरी बिब्बा म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी आजोळी एका मावशीला बिब्बा उतला होता. फोडांनी आणि सुजेनं तिचे डोळे उघडत नव्हते आणि तोंड ओळखू येत नव्हतं.

“पण मला काहीच होत नाहीये.”

“आत्ता नाही होणार.”

“मग कधी?”

“उद्या. नाहीतर परवा. उतलं तर उतेल, नाही तर नाही उतायचं.”

“आणि तोवर?”

“तोवर वाट बघ.”

माईंनी फडकं आणलं, त्याची बोटं स्वच्छ पुसली, मग खोबरेल घेऊन एकेक बोट चोळू लागल्या. “रुमाल इथंच टाक. तोंडाला हात लावू नकोस. डोळ्याला तर मुळीच नाही.”

तेवढ्यात त्याच्या नाकाला खाज सुटली. त्यानं हात अधांतरी धरले आणि नाक खांद्यावर घासलं. काही तरी होऊन जावं, निदान कळेल तरी, असं त्याला वाटायला लागलं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “माई, तुम्ही मला माझ्या भाषेत सांगितलंत. समोर उभं राहून.”

“हो.”

“आणि मला... मला तर हेच...”

फोनमधला तो दगड, ते वासलेले चेहरे, त्या लिप्या, सगळं त्याला एकदम पोरखेळ वाटायला लागलं. मग शरमेनं माणसाला राग येतो, तसा त्याला आला.

“असली वस्तू ठेवलीतच कशाला इथं? टाकून द्यायची.”

“कुठं?”

“नदीत.”

“खाली गावाची गुरं पितात.”

“जाळायचं मग.”

“त्याचा धूरही उततो. वारा कुणाच्या घरात नेईल?”

“पुरून टाकायचं.”

“पुरलं होतं. रानडुकरांनी उकरलं.”

हे संभाषण निशिकांतनं कचेरीतल्या मोठ्या टेबलाभोवती कितीदा ऐकलं होतं. तिथं ते चहा-बिस्किटांबरोबर होत असे.

माई बोटं चोळत होत्या. “माझे गुरू औषधं द्यायचे. या तेलानं कितीतरी माणसं हिंडती-फिरती झाली. बैलगाड्यांतून यायची आणि पायांनी जायची. गुरू गेले. किती घ्यायचं, कशात घ्यायचं, ते त्यांच्याबरोबर गेलं. तेल राहिलं.”

“मग तुम्ही?”

“मी इथं बसते.”

“कायम?”

“बहीण गेली तेव्हा माणूस बोलवायला आला होता. गुरुवार होता. पोरं यायची होती.” माईंनी वाटीतलं खोबरेल पुन्हा बोटावर घेतलं. “नाही गेले.”

निशिकांतचा फोन वाजायला लागला. कचेरीतून होता. तेलकट बोटांनी तो उचलता येईना, आणि खरं सांगायचं तर उचलायची त्याची छातीही होईना. वाजून वाजून फोन थांबला.

“माई, काय कळवू मी त्यांना?”

माईंनी खोबरेलाची वाटी बाजूला ठेवली. दोरीवरचं वाळलेलं लुगडं काढून खांद्यावर टाकलं. टेकडीच्या पायथ्याशी पोरांचा कालवा ऐकू येत होता. कुणीतरी सगळ्यांच्या आधी वर पोचायची पैज लावली होती.

“माई...”

माईंनी मडक्यालगतच्या घोंगडीवर हात थोपटला.

“ये. बस इथं. मी नदीवर आंघोळ करून येते.”

तो उठला आणि तेलकट हात अंगापासून दूर धरून घोंगडीवर बसला. घोंगडी अजून उबदार होती. पोरांचे आवाज वर सरकत होते. त्यानं झाकणी नीट आहे ना पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. पुढची काटी पायानं जरा पुढं सारली, तरी जीवाचं समाधान होईना. फोन परत वाजायला लागला.

माई काठी टेकत मागच्या पायवाटेनं उतरू लागल्या होत्या. त्यानं घाबऱ्या आवाजात हाक मारली.

“माई... किती वेळ बसायचं?”

माई थांबल्या आणि त्यांनी वळून त्याच्याकडं बघितलं.

“मीही गुरूंना हेच विचारलं होतं.”