दारावरच्या चौदा रेघा

करवंदीच्या हिरव्यागार रानाशेजारी एक इवलंसं गाव होतं. त्या गावातल्या इवल्याशा घरात सोनकी आणि तिची आत्या राहायच्या. आत्याच्या पाठीला बाक आला होता, त्यामुळे तिचा हात दाराच्या कडीच्या वर कधी पोचायचा नाही.

गावाची एक रीत होती. वाण्याकडून उधार आणलं की, ज्याने आणलं त्यानेच आपल्या हाताने दाराच्या चौकटीवर खडूची एक रेघ ओढायची. पैसे दिले की पुसायची.

मग आत्या आजारी पडली. घरातली सगळी चिल्लर औषधात संपली आणि एका सकाळी आत्याही गेली. मागे उरली एक फाटकी गोधडी आणि चौकटीवरच्या रेघा.

तिसऱ्याच दिवशी माणिकशेट वाणी आला. धीराचा एक शब्द नाही, काही नाही, थेट रेघा मोजायला लागला.

"चौदा," तो म्हणाला. "पैसे नाहीत ना? मग उद्यापासून माझ्याकडे भांडी घासायला ये. बारा वर्षं."

पोरीचे डोळे अजून रडून सुजलेले, आणि हा बाबा बारा वर्षं मागतो. जनाची नाही, निदान मनाची तरी वाटायची होती मेल्याला.

सोनकीने चौकटीकडे पाहिलं. तीन रेघा कडीच्या खाली होत्या. त्या खऱ्या, तो तांदूळ तिने आत्याबरोबर खाल्ला होता. पण वरच्या अकरा? आत्याचा हात तिथे पोचलाच कसा? सोनकीने तसं विचारलंसुद्धा. लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस, म्हणून माणिकशेट तिच्यावरच डाफरला.

रागाने तिच्या कानांच्या पाळ्या लालेलाल झाल्या. ती परसात धावली. हुंदके देता देताच तिने रोजच्यासारखं तहानलेल्या अबोलीला पाणी घातलं. तांब्यात तेवढंच पाणी होतं.

तोच एका केशरी फुलातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. तिच्या चिमुकल्या पंखांवर निळे, गुलाबी, चंदेरी ठिपके लुकलुकत होते.

"एक इच्छा माग, सोनुले," परी म्हणाली. "पण दोन नियम आहेत. गेलेलं माणूस परत येत नाही, आणि खरं ते खोटं होत नाही."

सगळ्या रेघा पुसून टाक, हे सोनकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तीन रेघा खऱ्या होत्या. ती थांबली.

"ज्या हाताने जी रेघ ओढली, त्या हाताकडे ती जाऊ दे."

परी तिच्याबरोबर दारापाशी आली आणि तिने टाळी वाजवली. चौकटीवरच्या रेघा सुळसुळ सुटल्या. वरच्या अकरा गरगरत गेल्या आणि माणिकशेटच्या तळहातावर जाऊन चिकटल्या. माणिकशेटचा आरडाओरडा ऐकून अंगणात गोळा झालेले शेजारी बघतच राहिले. त्याने हात झटकला, धोतराला पुसला. एकही रेघ हलली नाही.

खालच्या तीन मात्र अंगणभर फिरत राहिल्या. आत्याचा हात त्यांना कुठेच सापडेना. सोनकीने आपला छोटासा हात पुढे केला. "माझ्याकडे या," ती म्हणाली. "आत्याच्या आहेत म्हणजे माझ्याच."

रेघा तिच्या बोटांपर्यंत आल्या, पण बसल्या नाहीत.

"नाही गं," परी म्हणाली. "गेलेल्या माणसाचं देणं त्याच्या मागे उरलेल्या पैशांतून फेडायचं. पैसेच उरले नाहीत तर ते देणं त्याच्याबरोबर जातं. लेकराच्या हातावर ते कुणी ठेवायचं नसतं. ऐकलंत ना शेट?"

माणिकशेटने मान खाली घातली.

"आणि न ओढलेल्या रेघेसाठीही हात पुढे करणाऱ्या मुलीला," परी हसली, "हे माझ्याकडून." त्या तीन रेघांच्या भाताच्या तीन सोनेरी ओंब्या झाल्या आणि सोनकीच्या ओंजळीत उतरल्या. मोत्यासारखा शुभ्र उजेड पसरला, अबोली लखलखली, आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

सोनकीने ओंब्या परसात पेरल्या. तिच्या घरातला तांदूळ पुन्हा कधी संपला नाही. ती मोठी झाली, तिचा हात कडीच्या वर पोचू लागला, पण त्या चौकटीवर पुन्हा एकही रेघ उमटली नाही.

आणि माणिकशेट? तो अजून हात धुतोय.