दोल्गे गावात मांसाला ताट का नाही

दोल्गेच्या धक्क्यावरून वर चढू लागलं की तिसऱ्या वळणावर काळ्या दगडांच्या भिंतीचं एक ठेंगणं जेवणघर लागतं. पाटी वगैरे काही नाही, पण वास चुकत नाही. डुकराची हाडं पहाटेपासून चुलीवर असतात, आणि दुपारपर्यंत रस्सा दुधासारखा पांढरा होतो. त्यात जाड शेवया, वर पातीचा कांदा, चिमूटभर लाल तिखट आणि बोटाएवढे जाड मांसाचे काप. शेजारी खारवलेल्या बारीक मासळीची झणझणीत चटणी. थंडीवाऱ्यातून आलेला माणूस पहिल्या घोटाला डोळे मिटतो.

पण कोरियाच्या मुख्य भूमीवरून बेटावर आलेल्या पाहुण्याला इथं दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे जास्तीचं मांस मागवलं तर ते ताटात येत नाही. ज्या बुटक्या पायांच्या फळीवर कापलं, ती फळीच उचलून पुढ्यात ठेवतात. दुसरी गोष्ट रश्शाच्या वाडग्याची. कोरियात इतरत्र वाडगा तोंडाशी उचलला तर वडीलधारे डोळे वटारतात, वाडगा खाली आणि मान ताठ ही तिकडची रीत. दोल्गेत मात्र वाडगा तळहातावर घ्यायचा आणि संपेपर्यंत खाली टेकवायचा नाही. कुणी टेकवलाच तर जेवणघराच्या मालकीण ह्योन आजी सुरी थांबवतात आणि म्हणतात, "उचला. इथं उचलूनच खातात."

असं का, म्हणून विचारलं की मांस कापता कापताच त्या सांगू लागतात.

फार पूर्वी, राजांच्या काळात, या गावात बू ओकनान नावाची बाई राहत होती म्हणे. तिचा नवरा गावाचा मांस कापणारा. लग्न असो की मर्तिक, डुक्कर कापून प्रत्येकाला सारखा वाटा देणं हे त्याचं काम. कुणाला एक काप जास्त नाही, कुणाला कमी नाही. हे काम पुरुषाचंच मानलं जाई. पण नवरा तापानं गेला, त्यानंतर लगेच गावात एक मर्तिक झालं, आणि सुरी हातात घ्यायला कुणी पुढं येईना. तेव्हा ओकनाननं घेतली. लोक कुजबुजले. पण वाटे इतके सारखे पडले की पुढच्या खेपेला तिलाच बोलावणं आलं.

दोल्गेच्या बायका समुद्रात बुडी मारणाऱ्या. आपल्याकडं पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधतात, तसाच भोपळा त्या बरोबर नेत. बुडी मारायची, श्वास असेतो तळाचा खडक चाचपायचा, वर आलं की भोपळ्यावर छाती टेकून दम खायचा. भोपळ्यावाचून बाई समुद्रात उतरत नसे. खडकाला चिकटलेले मोठे शिंपले त्या काढत, ते राजधानीला जात. त्यांच्या घरात त्यांतला एकही शिजत नसे.

एका हिवाळ्यात राजाची आई वारली. तिच्या श्राद्धाला बेटावरचे शिंपले हवेत असा हुकूम आला. बेटावर मुख्य भूमीवरून बदलून आलेला एक सुभेदार होता. त्यानं दोल्गेला सांगितलं, की समुद्र खवळलेला असो नसो, महिन्याच्या आत टोपल्या भरल्या पाहिजेत. बायका उतरल्या. तिसऱ्या दिवशी यांग बुनये नावाची तरणी बाई वर आलीच नाही. तिचा भोपळा तेवढा लाटांवर हलत राहिला. दुसऱ्या दिवशी तिचं शरीर धक्क्याजवळ लागलं.

बायकांनी त्या दिवशी पाण्यात पाऊल टाकलं नाही. टोपल्या अपुऱ्या राहिल्या. सुभेदार चिडला. त्यानं फर्मान काढलं, की टोपल्या भरेपर्यंत दोल्गेत लग्नाची पंगत नाही, मर्तिकाची पंगत नाही. कुणी कुणापुढं ताट-वाटी मांडायची नाही. नुसत्या शब्दावर त्याचा भरवसा नव्हता. शिपाई घरोघर फिरले आणि पितळेची, मातीची, लाकडाची, जी सापडतील ती सगळी ताटं-वाडगे गाडीत घालून कचेरीच्या कोठारात टाकून आले.

या बेटावर अशी समजूत होती, की ज्यांनी खांदा दिला त्यांना गरम रस्सा आणि डुकराचं मांस जेवू घातल्याखेरीज मेलेल्याची पुढची वाट सुरू होत नाही. बुनयेच्या घरी म्हातारी सासू आणि रिकामा गोठा. डुक्कर होतं ते ओकनानकडं. दोन वर्षं वाढवलेलं काळं डुक्कर, मुलीच्या लग्नासाठी राखलेलं. लग्न वसंतात ठरलं होतं.

ओकनान गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. बुनये तिच्या मुलीच्याच वयाची. लहानपणी दोघी एकाच पाटीतली कणसं खात. तिला कळत होतं काय करायला हवं, आणि मुलीला कोणत्या तोंडानं सांगावं तेही कळत नव्हतं. मुलगीच मागून आली.

"काप, आई," ती म्हणाली. "लग्न थांबतं. मढं थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शिपायांची चौकी समोर दिसत असताना, ओकनाननं अंगणात चूल मांडली. लपवायचं नाही असं तिनं ठरवलंच होतं. हाडं कढईत गेली. शेजारणींनी कुट्टू नावाच्या धान्याचं पीठ मळून जाड शेवया कापल्या. बुनयेला टेकडीवर माती देऊन लोक परतले तेव्हा वास खालच्या आळीपर्यंत पोचला होता. मांस शिजलं, आणि ओकनाननं फळीवर कापायला घेतलं. तीन काप, तीन काप, तीन काप. पण वाढायचं कशात? ताट एकाच्याही घरात उरलं नव्हतं.

तिनं सुरी खाली ठेवली. मग कापलेल्या मांसासकट फळी उचलली आणि खांदेकऱ्यांच्या मधोमध ठेवली. म्हणाली, "हे ताट नाही. फळी आहे. खा."

मांसाचं झालं. रस्सा कढईत उकळत होता, तो काही फळीवर वाढता येईना. तेव्हा काङ मालन्यो पुढं आली. बुडी मारणाऱ्यांत ती सर्वांत वडील, साठीच्या पुढची. खांद्यावरून तिनं आपला भोपळा काढला. तीस वर्षं तिनं छातीशी धरलेला, घामानं आणि खाऱ्या पाण्यानं काळा पडलेला. तो तिनं ओकनानच्या सुरीखाली धरला.

ओकनानला कळेना. "मावशी, उद्या पाण्यात कशी जाल?"

"तेच तर," मालन्यो म्हणाली. "चिर."

ओकनाननं चिरला. दोन अर्ध्या भागांचे दोन वाडगे झाले. त्यामागून दुसरीनं भोपळा पुढं केला, मग तिसरीनं. घटकाभरात दोल्गेतला शेवटचा भोपळाही चिरला गेला. भोपळ्याला बूड गोल, तो जमिनीवर ठेवला तर कलंडतो. म्हणून लोकांनी ते तळहातावर धरले आणि उभ्या उभ्या रस्सा प्यायले, शेवया ओढल्या. चौकीवरचे शिपाई बघत होते. त्यांतल्या एकालाही पुढं होऊन काय अडवावं हे सुचलं नाही, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी ओकनानला कचेरीच्या अंगणात नेलं. सारं गाव मागोमाग गेलं. सुभेदारानं विचारलं, फर्मान मोडायची हिंमत कुठून आली. ती म्हणाली, हुकमात पंगत होती, ताट होतं, वाटी होती. तिनं यांतलं एकही मांडलं नाही. बायकांकडं वळून त्यानं एवढंच फर्मावलं, की आत्ताच्या आत्ता समुद्रात उतरा.

मालन्योनं आपला अर्धा भोपळा त्याच्या पायरीवर ठेवला. तो कलंडला आणि आतून रश्शाचा वास आला. ती शांतपणे म्हणाली, "बी वसंतात पेरायचं. वेल पावसाळ्यात वाढतो. भोपळा पानगळीत वाळतो. तोवर सरकारांनी थांबावं."

सुभेदाराचा चेहरा लाल झाला. त्यानं ओकनानला तीस फटके सांगितले. तिला फळीवर पालथं घातलं. पहिला फटका बसला तेव्हा तिच्या मनात आलं म्हणे, की कढई चुलीवरच राहिली, हाडं करपतील, कुणी खाली उतरवली असेल का. पाचव्या फटक्यानंतर तसलं काही सुचेनासं झालं. दहाव्याला मारणारा थांबला, दम घ्यायला. तेव्हा तिनं मान वळवली आणि म्हणाली, "राजाच्या आईला जेवू घालायचं म्हणून बुनये बुडाली. बुनयेला कुणी जेवू घालायचं?"

गावकऱ्यांनी आपापले अर्धे भोपळे समोर धरले होते. रिकामे, गोल, एकासारखा एक. कचेरीचा म्हातारा पेशकार सुभेदाराच्या कानाशी लागला. राजा स्वतः सुतकात आहे. अशा वेळी कुणाच्या मर्तिकाचं जेवण अडवलं, आणि अडवणारा राजाचाच अधिकारी, हे राजधानीत कळलं तर टोपल्यांची चौकशी नंतर होईल. आधी सुभेदारीची टोपी उतरेल. सुभेदारानं त्या भोपळ्यांकडं पाहिलं. मग उठून आत गेला. राहिलेले वीस फटके कुणी मारले नाहीत.

त्या वर्षी दोल्गेतून एकही शिंपला गेला नाही. सुभेदारानं राजधानीला लिहिलं, की यंदा समुद्र फार खवळलेला आहे. ओकनान महिनाभर पालथी झोपली. मुलीचं लग्न वसंतात झालं नाही. पानगळीत झालं, गावानं मिळून आणलेल्या डुकरावर, आणि ते ओकनाननंच कापलं. पाठ वाकवताना तिला अजून दुखत होतं, पण वाटे सारखे पडले.

कोठारातली ताटं-वाडगे गाडीत भरून परत आले. लोकांनी ते घेतले, त्यात भात वाढला, भाजी वाढली. पण डुकराचं मांस ताटात घालायला कुणाचा हात धजेना, की मन होईना. ते फळीवरच राहिलं. आणि रश्शाचा वाडगा हातातच राहिला.

एवढं सांगून ह्योन आजी फळी पुढं सरकवतात. पाहुण्यांपैकी कुणी विचारतं, हे सगळं खरंच घडलं का. आजी सांगतात, त्यांनी ते आपल्या सासूकडून ऐकलं, सासूनं तिच्या सासूकडून. आणि मग खिडकीबाहेर बोट दाखवतात. आता समुद्रात जाणाऱ्या बायका हलका कृत्रिम तरंगा वापरतात. भोपळा घेऊन कुणी उतरत नाही, त्याला कित्येक वर्षं झाली. तरी आजही दोल्गेत प्रत्येक घराच्या काळ्या कुंपणावर भोपळ्याचा वेल चढवलेला दिसतो. पानगळीत भोपळे उतरवून, पोखरून, वाळवून वळचणीला टांगतात. काय करता त्यांचं, म्हणून विचारलं तर घरची बाई पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळते, आणि म्हणते, "काही नाही. लागले तर असावेत."