एकतीस फाइली

"मग प्रोग्रामचे तुकडे पाडायचे तरी केव्हा, चाचा?"

इलाहीचाचांनी मान वर केली नाही. मिरजेच्या त्या अरुंद दुकानात ते तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होते. घोडी म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती हाडाची पट्टी.

जालिंदरने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

त्याचे वडील, तात्या, तीस वर्षं याच दुकानात चाचांच्या शेजारी बसले. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली. चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलेल, असा प्रोग्राम जालिंदर त्यांच्यासाठी एकट्याने लिहीत होता.

आठ महिने झाले होते.

"एकतीस फाइली केल्यात," तो म्हणाला. "चित्रांची वेगळी, आवाजाची वेगळी. मोठ्या कंपन्यांत असंच करतात."

"तुझ्या कंपनीत माणसं किती?"

"मी एकटाच."

"मग एकतीस खोल्यांत राहतं कोण?"

जालिंदरचे कान तापले. "पुढे शब्द वाढतील, चाचा. गुंता होईल. उद्या कानडीही घालायची आहे."

"तात्याला कानडी येते?"

"...नाही."

"हे यंत्र 'पाणी' म्हणतं का?"

"अजून नाही. फाइली एकमेकींना जोडायच्या राहिल्यात."

चाचांनी एक कोरी घोडी आणि कानस त्याच्या हातात दिली.

"घास."

"कुठे घासू?"

"जिथे सूर अडतो तिथे."

"पण तार कुठाय? तार लावून छेडल्याशिवाय मला कसं कळणार?"



जालिंदर हातातल्या घोडीकडे बघत राहिला. मग त्याने ती कानशीसकट हळूच खाली ठेवली.



"तात्या पाणी कसं मागतो?" चाचांनी विचारलं.

"डाव्या हाताने ताटली आपटायचे."

"आपटायचे?"

"दिवाळीपर्यंत. आता नाही आपटत. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मी वाटी ओठांना लावतो, तर कधी घेतात, कधी नाही."



चाचांनी शेजारच्या रिकाम्या पाटावरचा भुसा हाताने पुसला. तो पाट तात्यांचा होता.

"सगळं मोडतो," जालिंदर म्हणाला. "एकाच फाइलीत लिहितो. पाच चित्रं, पाच शब्द. जिथे अडेल तिथे मग वेगळं काढीन. आजच बोलेल ते, चाचा."

"किती वेळ लागेल?"

"दोन तास."

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं: आठ महिने, आणि काम दोन तासांचं. त्याने लॅपटॉप मिटला.

"लिहू ना, चाचा?"

चाचांनी पुन्हा कानस उचलली, पण ती चालवली नाही.

"आधी घरी जा. तात्याला अजून तहान लागते का, ते बघ."